बेगमी

आमच्या आईच्या बोलण्यात काही शब्द असे होते की बाहेर ते फारसे कुणाच्या तोंडी नसत, आणि घरात मात्र त्यांच्यावाचून तिचे पान हलत नसे. ‘बेगमी’ हा त्यांतलाच एक. वैशाखाचे ऊन तापू लागले, चाळीच्या पत्र्यावर पापड-कुरडया वाळत पडल्या, की ती पदर खोचून म्हणायची, “आगोट आली गं. बेगमी करायला हवी.” पुढे पुष्कळ वर्षांनी एका जुन्या शब्दकोशात मी हा शब्द पाहिला, तेव्हा कळले की त्याचे मूळ फारसी. बे-गम, म्हणजे ज्याला चिंता नाही असा. मला मोठी गंमत वाटली. दरबारातली ती निश्चिंती मराठी मुलखात आली, आणि इथल्या बायकांनी तिला तांदूळ, मीठ, मिरची, चिंच आणि सुके बोंबील असा देह देऊन कणगीत नेऊन बसवली! नुसते ‘निश्चिंत असा’ म्हणून कुणी निश्चिंत होत नाही, हे त्या फारसी पंडिताला ठाऊक नसेल. आमच्या आईला ठाऊक होते.

आगोट म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावरचे ते पंधरा-वीस दिवस. ठाणे जिल्ह्यात आणि कोकणात ज्यांचे बालपण गेले आहे त्यांना निराळे सांगायला नको. एकदा मृग लागला की आमच्या भिवंडीत कामवारी नदी केव्हा फुगेल आणि बाजारातल्या सखल गल्ल्यांत केव्हा पाणी शिरेल याचा नेम नसे. तेव्हा त्याआधी जाडे मीठ, वर्षाची मिरची, हळद, आमसुले, कांद्याची माळ, जवळा, बोंबील, आणि हात सैल असेल त्या वर्षी मूठभर सोडे, हे सारे घरात यायला हवे. तांदळाचे पत्र्याचे पिंप तर असेच. त्यात कडुनिंबाचा पाला घालून आई वरून पोत्याचे तुकडे गच्च बांधून ठेवी. दहा बाय बाराच्या खोलीत ते पिंप इतकी जागा अडवी की आम्ही भावंडे त्यावरच पाटी ठेवून अभ्यास करीत असू. माझे सगळे बालपणचे शुद्धलेखन तांदळाच्या पिंपावर झालेले आहे.

आता या गोष्टीला ‘अन्नसुरक्षा’ असे भारदस्त नाव मिळाले आहे. १९९६ साली रोमला साऱ्या जगातल्या राष्ट्रांची परिषद भरली होती, आणि तिथे अन्नसुरक्षा म्हणजे काय ते ठरले: सर्व माणसांना, सर्व काळ, पुरेसे, निर्धोक आणि पौष्टिक अन्न मिळण्याची स्थिती. व्याख्या चांगली आहे, तिला नाव ठेवण्याजोगे काही नाही. त्यातला ‘सर्व काळ’ हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. कारण एखाद्या दिवशी पोटभर जेवणे ही गोष्ट निराळी, आणि पुढच्या महिन्यातही जेवायला मिळेल ही खात्री उराशी घेऊन झोपणे निराळे. पहिल्याला जेवण म्हणतात. दुसऱ्याला बेगमी म्हणतात.

आमचे आजोळ वाड्याकडचे. मामांची भातशेती होती; फार नव्हे, पण घरापुरती म्हणता येईल इतकी. दिवाळी झाली की कापणी उरकून झोडणी होई आणि मार्गशीर्षाच्या सुमारास दोन गोणी तांदूळ एखाद्या ओळखीच्या ट्रकवाल्याबरोबर आमच्या दारात येऊन पडत. ज्याला आज सगळे वाडा कोलम म्हणतात आणि ज्याला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तो बारीक, सुवासाचा तांदूळ. मामा त्याला झिनी म्हणत. परंतु आमच्या गोण्यांत झिनी कधीच नसे! झिनी विकायची, जाडा खायचा, हा शेतकऱ्याचा धर्म. पिकवणाऱ्याच्या पानात झिनी पडायची ती श्राद्धाला नाही तर जावई आला म्हणजे. मामा हसून म्हणत, “ताई, झिनी शेठच्या पोटाला बरी. आपल्याला जाड्यानंच आधार वाटतो.” त्यात चेष्टा किती आणि खरे किती, हे मला तेव्हा कळत नसे. जाडा तांदूळ पोटात जास्त वेळ राहतो हे मात्र त्या मुलखातला प्रत्येक राबणारा माणूस सांगतो.

आजोळच्या गावाबाहेर कातकऱ्यांची वाडी होती. तिथे कुणाकडे पिंप नव्हते, कणगी नव्हती. पावसाळ्यात ते खावटी उचलीत. म्हणजे खायला म्हणून सावकाराकडून धान्य घेत आणि पीक आले की दिढी-दुपटीने फेडीत. फेडून झाल्यावर घरात जे उरे त्यात जेमतेम चार महिने निघत. पुढे १९७८ साली सरकारने खावटी कर्जाची योजना काढली ती हे पाहूनच. पण त्या वाडीतली कुटुंबे पावसाळा सरता सरता भट्टीवाल्याकडून उचल घेत आणि दिवाळी संपली की बोचकी बांधून भिवंडीच्या आसपासच्या वीटभट्ट्यांवर येत, आजही येतात. आपल्या घरी करंज्या तळल्या जात असतात, त्याच दिवसांत कुणाच्या तरी घरी पुढच्या सहा महिन्यांचे श्रम आधीच खाऊन झालेले असतात. सणाच्या अंकात हे लिहू नये असे कुणी म्हणेल. परंतु आमच्या तालुक्यात सण आणि उचल हे दोन्ही एकाच पंचांगावर चालतात, त्याला माझा नाइलाज आहे.

वडील यंत्रमागावर होते. भिवंडीत त्या काळी, आणि आताही, दहा घरे मोजली तर त्यांतली बरीचशी कुठल्या ना कुठल्या धाग्याने मागाला बांधलेली असायची. मजुरी मीटरवर. माग चालला तर पैसा, थांबला तर नाही. आणि माग थांबायला कारणे किती! वीज गेली, सूत महागले, कापडाला उठाव नाही, शेठ लग्नाला गावी गेला. आई घरी कांड्या भरायची. तिचे पैसे थोडे, परंतु ते तिच्या हातात पडत, आणि तिच्या हातात पडलेला पैसा सरळ वाण्याकडे जाई. वडिलांचा पैसा मात्र घरी यायच्या आधी चारदोन ठिकाणी बसून, विसावा घेऊन येई. ते व्यसनी नव्हते, हे सांगायला हवे; पण मित्राला उसने, नाक्यावर चहा, गावच्या भावाला मनिऑर्डर. पुरुषाच्या पैशाला पाय असतात. आमच्या घरात काय शिजेल हे वडिलांच्या पगाराने ठरत नसे, तर त्यातला किती पगार आईच्या डब्यात पोचतो याने ठरे.

१९८४ च्या मे महिन्यात भिवंडीत दंगल झाली. मी फार लहान होते. मला आठवतो तो फक्त काळोख आणि आईचा माझ्या तोंडावर दाबलेला हात. बाकी सारे तिच्याकडून ऐकलेले. लोक त्या दंगलीची आठवण काढतात तेव्हा आगीविषयी बोलतात. आई मात्र दर वेळी एकच सांगायची: “आगोटीच्या आधी झाली गं मेली. पिंप तळाला गेलं होतं.” संचारबंदी लागली तेव्हा ज्यांच्याकडे वर्षाचे धान्य होते ती घरे दारे लावून बसली, ज्यांचे रोजचे आणून रोज शिजवायचे, त्यांच्या चुली दुसऱ्याच दिवशी थंडावल्या. आमच्या मागच्या भिंतीपलीकडे एका जुलाह्याचे घर होते. त्याच्या म्हाताऱ्या आईला सारी आळी दादी म्हणे. दादीकडे साखर, चहा, मसूर होते, तांदूळ संपला होता. आमच्याकडे तळाचा तांदूळ होता, डाळ नव्हती. भिंतीतली एक वीट सैल होती. त्या फटीतून पाच-सहा दिवस वाटी इकडून तिकडे आणि तिकडून इकडे जात राहिली. बाहेर काय चालले होते हे दोघींनाही माहीत होते. त्याविषयी दोघी एक अक्षर बोलल्या नाहीत, असे आई सांगे, बोलणे व्हायचे ते फक्त “मीठ आहे का?” एवढेच. ती वीट पुढे बसवून टाकावी असे वडील म्हणत. आईने ती चाळ पडेपर्यंत बसवू दिली नाही.

अमर्त्य सेन यांचे नाव आपल्या वाचकांना परिचित आहे. १९४३ साली बंगालात लाखो माणसे अन्नावाचून मेली, तेव्हा ते शाळकरी पोर होते. पुढे १९८१ साली त्यांनी दुष्काळावर जो ग्रंथ लिहिला त्यात त्यांनी असे दाखवले की त्या वर्षी बंगालात धान्य दोन वर्षांपूर्वीपेक्षा काही कमी नव्हते. युद्धामुळे भाव चढले, आणि शेतमजूर, कोळी, न्हावी, नावाडी यांच्या हातात ते विकत घेण्याची ताकद उरली नाही. धान्य होते, त्यावर त्यांचा हक्क पोचत नव्हता. त्याच वर्षी मुंबईत रेशनिंग सुरू झाले, आणि माणशी मोजून का होईना पण शिधा मिळू लागला. एवढ्या मोठ्या विद्वानाचे म्हणणे मी माझ्या अल्प शिक्षणाने सांगते आहे, ते ढोबळ असणारच. परंतु भिवंडीत राहणाऱ्याला ते समजायला ग्रंथ उघडावा लागत नाही. त्याने अंजूर फाट्यावरून माणकोलीपर्यंत एक चक्कर मारावी म्हणजे झाले.

माझ्या लहानपणी तिथे भाताची खाचरे होती. श्रावणात तो हिरवा रंग डोळ्यांत मावत नसे. आता मैलोगणती गोदामे आहेत. साऱ्या मुंबईला आणि तिच्या पलीकडच्या मुलखाला जाणारे पीठ, तेल, साखर, बिस्किटे, डाळी, दुधाची भुकटी तिथे येऊन थांबतात आणि रात्रीतून पुढे जातात. देशातल्या सर्वांत मोठ्या गोदाम-वसाहतींपैकी ही एक म्हणतात. ज्यांनी जमीन दिली त्यांतल्या काहींचे भले झाले, हे नाकारून चालणार नाही. भाड्याचे पैसे दर महिन्याला येतात, भाताचे वर्षाला येत आणि पावसाने साथ दिली तरच येत. त्यांना नावे ठेवणे मला जमणार नाही. पण माझ्या बालवर्गातल्या एका पोराचा बाप तिथे हमालीला जातो. बारा तास तो खाण्याचीच खोकी वाहतो. आणि संध्याकाळी आमच्या गल्लीच्या दुकानाशी उभा राहून म्हणतो, “शेठ, दहाचं तेल द्या. पाचची साखर.”

दहाचे तेल आणि पाचची साखर! यावर एक कादंबरी होईल. वाणी मोठ्या डब्यातून पळीने तेल काढून पिशवीच्या टोकात गाठ मारून देतो. किलोमागे हिशेब केला तर हमालाने घेतलेले तेल बंगल्यातल्या माणसाच्या तेलापेक्षा महाग पडते. सुशिक्षित मंडळी म्हणतात, या लोकांना हिशेब कळत नाही, एकदम महिन्याचे का भरीत नाहीत? त्यांना हिशेब आपल्यापेक्षा चांगला कळतो. रोजंदारी रोज मिळते. महिन्याचे पैसे एकदम हातात येतच नाहीत. खोली इतकी लहान की पिंप ठेवले तर माणूस बाहेर झोपेल. उंदीर आहेत. खोली केव्हा सोडावी लागेल याचा भरवसा नाही. आणि घरात पाच किलो साखर दिसली तर शेजारणीला वाटीभर ‘नाही’ म्हणता येत नाही. बेगमीलासुद्धा आधी जागा लागते आणि भांडवल लागते. माझ्या आईकडे ते पिंपभर होते, एवढीच तिची श्रीमंती.

लग्नानंतर माझी गाठ सासूबाईंशी पडली. त्या पारनेरकडच्या. १९७२ च्या दुष्काळात त्या ऐन तारुण्यात होत्या, आणि खडी फोडायच्या कामावर जात. तिथली सुकडी त्यांनी खाल्ली आहे, अमेरिकेहून आलेल्या लाल मिलोच्या भाकऱ्या थापल्या आहेत. “ती भाकरी तव्यावरून उचलेस्तोवर तुकडं व्हायचं,” असे त्या सांगत. माझी आई पिंप भरण्यावर विश्वास ठेवणारी. सासूबाईंना त्याचे हसू येई. एकदा आई आमच्याकडे आली असता दोघींची चांगलीच जुंपली. आई म्हणाली, “विहीणबाई, घरात वर्षाचं असलं म्हणजे माणसाला झोप लागते.” सासूबाई म्हणाल्या, “तीन वर्सं पाऊस नव्हता, विहीणबाई. कणगी किती मोठी आणायची मग? आमची कणगी गेली पहिल्याच साली. मला झोप लागली ती हप्त्याच्या हप्त्याला हातावर पैसं पडाय लागले तवा.” आई गप्प बसली; तिला ते पटले नव्हते. मग दोघींनी मिळून शेवग्याच्या शेंगा सोलल्या.

सासूबाईंच्या त्या खडीतून पुढे केवढी गोष्ट निघाली! वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी त्या दुष्काळात राज्यभर पसरली, १९७७ साली महाराष्ट्राने तिचा कायदा केला, आणि २००५ साली साऱ्या देशाने त्याच वाटेने जाऊन कायदा केला. लाखो माणसे कामावर होती, म्हणूनच १९७२-७३ साली इतके पीक बुडूनही महाराष्ट्राचा बंगाल झाला नाही, असे अभ्यासक लिहितात. सासूबाईंना पागे हे नाव ठाऊक नव्हते. मुकादमाचे मात्र त्या नावगाव सांगत, आणि त्याने कुणाची किती हजेरी खाल्ली तेही.

एका बाबतीत मात्र दोघी विहिणी अगदी सारख्या. दोघीही शेवटी जेवत. आई भाताच्या टोपाची खरवड काढून खाई आणि म्हणे, मला हीच आवडते. आम्हा लेखकमंडळींना हे दृश्य फार प्रिय. त्यावर किती कथा झाल्या, किती वाचकांनी डोळे पुसले! मला ते दृश्य आवडत नाही. शेवटी जेवणाऱ्याच्या वाट्याला उरलेले येते, आणि ज्या घरात मुळात मोजके असते तिथे ‘उरलेले’ म्हणजे बहुधा काही नाही. २०१९ ते २०२१ या काळातल्या सरकारी आरोग्य-पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. हे सारे खरवडीचे पोवाडे तिथे जाऊन पोचतात. घरात धान्य आले म्हणजे घरातल्या सर्वांच्या पोटात गेले, असे धरून चालणारे पुष्कळ हिशेब मी पाहिले आहेत. ते करणारा बहुधा पहिल्या पंगतीला जेवणारा असतो.

आता शाळेचे सांगते. मी बालवर्ग घेते, आणि वरच्या वर्गांची खिचडी माझ्या खिडकीसमोरच शिजते. १९९५ साली ही योजना देशात आली तेव्हा मुलांना महिन्याला तीन किलो तांदूळ घरी न्यायला मिळत. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कोरडे नको, शिजवून द्या. तेव्हापासून टोप चढला. पहिली ते पाचवीच्या पोराला दिवसाला शंभर ग्रॅम धान्य. शंभर ग्रॅम म्हणजे काय ते घरी एकदा तराजूत घालून पाहावे, फार नाही. परंतु आमच्या स्वयंपाकीणबाई मला एकदा म्हणाल्या, “बाई, सोमवारी माझा टोप कधी पुरत नाही आणि शनिवारी कधी संपत नाही.” मी तेव्हापासून लक्ष ठेवून आहे. त्यांचे म्हणणे बरोबर आहे. रविवारची भूक सोमवारी शाळेत येते. कुठल्याही हजेरीपटावर हे सापडायचे नाही.

याच खिडकीतून मला आणखी एक गोष्ट कळली. आमच्या चाळीत एक बाई कांड्या भरते. नवरा सुरतेला गेला तो गेला. मुले तीन. धाकटा माझ्या वर्गात, थोरली मुलगी सहावीत. ही थोरली दर महिन्यात ठरावीक दिवसांत गैरहजर. कधी एक दिवस, कधी लागोपाठ तीन. हुशार पोर, मी तिला दटावून विचारले. ती म्हणाली, “बाई, अंगठा द्यायला गेले होते.”

अंगठा! २०१३ साली अन्नसुरक्षेचा कायदा झाला, आणि फेब्रुवारी २०१४ पासून तो महाराष्ट्रात लागू झाला. प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो धान्य, अंत्योदय कुटुंबाला पस्तीस किलो. तेव्हा तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये किलो, आणि २०२३ पासून तेही मोफत. कायद्यात एक फार शहाणपणाचे कलम आहे: कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या वडील स्त्रीचेच नाव घालायचे. शहरातल्या कुटुंबाला त्या वेळी वर्षाच्या उत्पन्नाची मर्यादा घातली ती एकोणसाठ हजारांची, म्हणजे महिन्याला पाच हजारांच्या आत. भिवंडीत खोलीचे भाडे देऊन पाच हजारांच्या आत जगणारा माणूस कसा दिसतो हे ज्याने ती मर्यादा ठरवली त्याने कधी पाहिले असेल काय, असा प्रश्न मला पडतो. पण ते राहू द्या. या बाईचे नाव यादीत होते; पत्रिकेवर कुटुंबप्रमुख तीच होती. अडचण निराळीच निघाली. दुकानात यंत्र आले. त्यावर अंगठा टेकवायचा आणि ओळख पटली की धान्य. वीस वर्षे या बाईच्या अंगठ्यावरून सूत धावले होते. रेषा उरल्या नव्हत्या.

ती माझ्या ओट्याशी बसून हसत म्हणाली, “बाई, माझा अंगठा माझा नाही म्हणते ती मशीन.” एका महिन्यात ती तीनदा रिकामी परतली. एका खेपेला अर्ध्या दिवसाच्या कांड्या बुडत. पत्रिकेवर नाव असलेल्या कुणाचाही अंगठा चालतो, म्हणून मग थोरलीला शाळेतून काढून रांगेत उभे करायचे. तिथेही कधी यंत्राला जाळे मिळत नसे, कधी धान्य उतरलेले नसे, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा. धाकट्याचे नाव अजून पत्रिकेवर चढलेले नव्हते. चौघांच्या घरात पंधरा किलो यायचे. ते पंधरा किलो एका अकरा वर्षांच्या मुलीच्या अंगठ्यावर उभे होते, आणि तिचे गणित त्यापायी कच्चे राहिले होते. दुकानदाराला दोष द्यावा तर तो म्हणे, “बाई, मी काय करू? यंत्र नाही म्हणालं तर माझ्याकडून दाणा सुटत नाही.”

मी अर्ज लिहून दिले. मॅट्रिकच्या शिक्षणाचा याला उपयोग होतो. धाकट्याचे नाव चढायला सात महिने गेले. पुढे दुकानात डोळे वाचणारे नवे यंत्र आले. पहिल्या दिवशी ती मला मुद्दाम सांगायला आली, “बाई, डोळे मात्र माझेच निघाले!” त्या महिन्यात थोरली एकही दिवस गैरहजर नव्हती.

राहता राहिली भिशी. बाहेरच्या वाचकाला वाटेल मी पैशाच्या भिशीविषयी बोलते आहे. भिवंडीत भिशी म्हणजे मागवाल्या कामगारांची खानावळ. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेला माणूस कारखान्यात किंवा कारखान्याच्या माळ्यावर झोपतो. त्याच्याकडे चूल नसते, वेळ नसतो, रेशनचे पुस्तक असले तर ते गावी बायकोपाशी असते. २०१९ पासून पत्रिका दुसऱ्या राज्यात चालवण्याची सोय सुरू झाली, ती चांगली आहे. पण धान्य मिळाले तरी ते शिजवायचे कुठे? म्हणून तो भिशी लावतो. दोन वेळ डाळ, भात, रोटी, भाजी; आठवड्याला एकदा वशाट. पैसे पंधरवड्याच्या पगाराला. मुंबईच्या गिरणगावात खानावळवाल्या बायकांनी गिरणीकामगारांना असेच जगवले. त्या सावकाराच्या व्याजाखाली चिरडत होत्या, म्हणून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि त्यांना बँकेच्या दारात नेऊन उभे केले. १९८२ च्या संपानंतर गिरण्या खचल्या आणि माग आमच्याकडे वाढले. मागाबरोबर भूकही इकडे आली. परंतु भिवंडीच्या भिशीवाल्यांना कुणी प्रेमाताई भेटल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

आमच्या गल्लीत ज्या मावशींची भिशी आहे त्या जालन्याकडच्या. गोरखपूरच्या माणसाला कशी डाळ लागते हे त्या नवऱ्याच्या अपघातानंतर शिकल्या. चाळीस ताटे रोज. वाण्याची उधारी त्यांच्या नावावर, कामगारांची उधारी त्यांच्या वहीत. म्हणजे चाळीस घरांची बेगमी या एका बाईच्या पतीवर चाललेली. माग थांबला की कामगार आधी भिशीचे पैसे थकवतो, आणि मावशी वाण्याचे. २०१६ च्या नोव्हेंबरात नोटा बदलल्या तेव्हा त्यांनी महिनाभर नुसत्या वहीवर जेवण घातले.

२०२० च्या मार्चमध्ये सारे बंद झाले. बहुतेक भिशांच्या चुली विझल्या. मावशींनी पहिला आठवडा डाळ-भात चालवला, मग नुसती खिचडी, मग पेज. सिलिंडर संपला तेव्हा आमच्या चाळीतून तीन घरांनी आपले दिले. एक माझे होते. मे महिन्याच्या सुरुवातीला भिवंडी रोड स्टेशनातून गोरखपूरला गाडी सुटली. जायच्या आदल्या रात्री सारे एकेक करून मावशींच्या दारात आले. पैसे कुणाकडेच नव्हते. कुणी पायांना हात लावला, कुणी नुसता उभा राहिला. मावशी वही पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. कुणाला रक्कम दाखवायला नव्हे, तर गावाचे नाव नीट लिहून घ्यायला. “पैशाचं ऱ्हाऊ द्या, पोचल्याचा फोन करा,” एवढेच त्या प्रत्येकाला सांगत होत्या.

त्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत निम्मे परत आले आणि थोडे थोडे करून फेडू लागले. काही आलेच नाहीत. वाण्याने मात्र थांबायला नकार दिला, तेव्हा मावशींनी गळ्यातले मोडले. वहीतली अकरा नावे अजून उघडी आहेत. मी एकदा म्हटले, “मावशी, ही पाने फाडून टाका आता.” त्या म्हणाल्या, “बाई, माणूस खाल्लेलं विसरत नाय. येळ लागतो.” मागच्या वर्षी धनत्रयोदशीच्या सकाळी एक तरणा पोर पाठीवर पिशवी घेऊन त्यांच्या दारात उभा राहिला. अकरांतल्या एकाचा पुतण्या. काका आता गावीच असतो, त्याला दमा आहे, पैसे जमले नाहीत, असे म्हणाला आणि पिशवी पुढे केली. आत दहा किलो सातू होता, घरी भाजून दळलेला. मावशींनी त्याला आधी जेवायला वाढले. मग वही काढून माझ्या हातात दिली, कारण त्यांना लिहिता येत नाही. रक्कम खोडू का, असे मी विचारले. “खोडू नका,” त्या म्हणाल्या, “म्होरं लिवा, सातू पोचला.”